नानाचं डेबियन

माझा धाकटा भाऊ नाना गेल्याचा फोन सकाळी आला, तात्यापारा वस्तीतल्या त्याच्या शेजारणीचा. शंकर नगरहून मी पोचले तोवर त्याला खाली सतरंजीवर निजवलं होतं. टेबलावरचा कॉम्प्युटर मात्र अजून चालू होता, आणि त्यावर त्याचं लिखाण उघडं होतं... मी नानाच्या कपाळावर हात ठेवला, मग उठून कॉम्प्युटर बंद केला. त्याचा मुलगा मनीष पुण्याहून निघाला होता. तो यायच्या आत मला हे करायचं होतं. चालू असताना ते कुणीही वाचू शकलं असतं. एकदा बंद झालं, की परवलीचं वाक्य टाकल्याशिवाय त्यातलं एक अक्षर कुणाला दिसत नाही, आणि ते वाक्य आता फक्त मला ठाऊक आहे. मुलांनो, तुम्ही दूर आहात, तुमच्या कानावर वेगळं काही यायच्या आत मीच वर्तमानपत्राच्या या पुरवणीतून सांगते. मी ते शांतपणे, समजून-उमजून केलं.

नाना सिंचन खात्यातून निवृत्त झाला आणि त्याची बायको शैला गेल्यावर तिच्याविषयी लिहायला बसला. ती अभनपूरच्या शाळेत शिकवायची, रोज बसने जायची-यायची. चार वर्षं तो लिहीत होता. छापायचं नव्हतं, विसरायचं नव्हतं एवढंच. मग एका दिवाळीत मनीष आला. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून त्याने न विचारता सगळं पुसून नवी सिस्टीम टाकली. "पापा, सब क्लीन कर दिया, अब रॉकेट जैसा चलेगा." फोटो त्याने वाचवले होते. शैलाच्या नावाचं फोल्डर वाचवलं नव्हतं. नानाने दोनदा विचारलं, "अरे, त्यात आईचं होतं ना?" मनीष मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "फिर से लिख लो न, आपका टाइम पास होगा." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ते वाक्य मी ऐकलं, आणि त्या दिवसापासून मी ते नीट जपून ठेवलं आहे.

मनीष परत गेल्यावर नाना माझ्याकडे आला. "ताई, मले ह्या पोट्ट्याची सिस्टीम नको घरात. लिनक्स म्हणून काहीतरी असते म्हणे. पण सगळं इंग्रजीत लिहून राहते." इंग्रजी मी आयुष्यभर शिकवलं. तेव्हा ठरलं, वाचायचं मी, करायचं त्याने. लिनक्स एकच नसतं, त्याची वेगवेगळ्या मंडळींनी बांधलेली बरीच रूपं असतात, आणि पेनड्राइव्हवरून ती आधी चालवून पाहता येतात, कॉम्प्युटरमधलं काही न बदलता. मी वहीत रकाने आखले: मराठी टाइप होतं का, प्रिंटर चालतो का, अक्षर मोठं करता येतं का. पहिलं रूप नानाला दिसायलाच आवडलं नाही. "खिडक्या कुठून कुठं उडून राहिल्या, ताई. जत्रा आहे का?" दुसरं मिंट. माझ्या वहीत त्याला सगळ्यांत जास्त गुण पडले. रोजच्या वापराला सोपं, खाली पट्टी, कोपऱ्यात घड्याळ, शिकण्यासारखं फारसं काही नाही. मी म्हटलं, "झालं, हेच घे." नाना आठवडाभर ते चालवून तिसऱ्याकडे वळला. तिसरं डेबियन. काटेकोर, जरा रुक्ष, आणि ती मंडळी एकदा बसवलेलं वर्षानुवर्षं फारसं हलवत नाहीत, असं मी त्याला वाचून दाखवलं होतं.

"काहून रे? मिंट सोपं होतं."

"सोपं करून देणाऱ्याले मी पाहिलं ना एकदा. मले न हलणारं पाहिजे."

त्यावर मी वही मिटली.

बसवताना पडद्यावर प्रश्न आला, सगळी डिस्क कुलूपबंद करायची का. वाक्य विसरलात तर कुणीही उघडून देऊ शकणार नाही, असा इशाराही होता. मी तो शब्दन् शब्द वाचून दाखवला. नानाने विचारलं, "करू का, ताई?" मी म्हटलं, "कर." हे मी मुद्दाम लिहिते आहे. ते कुलूप त्याच्याइतकंच माझं आहे.

मग तो पुन्हा लिहायला बसला. पण दुसऱ्यांदा आठवणी तशा येत नाहीत. शैलाच्या माहेरच्या विहिरीवर पहिल्या वेळी त्याने फार सुंदर लिहिलं होतं, मी वाचलं होतं. दुसऱ्यांदा ती विहीर आलीच नाही. तो टेबलाशी बसून राहायचा आणि म्हणायचा, "होतं ना गं तिथं काहीतरी... पायऱ्यांजवळ." मला आठवत नव्हतं. पूर्वीच्या लिखाणातली त्रेसष्ट पानं कशीबशी आठवून परत लिहून झाली. तेवढ्यावर नानाचा राग उतरला. गेल्या उन्हाळ्यात तो म्हणाला, "मी गेल्यावर मनीषनं मागितलं तर देऊन टाकजो. पोट्टाच आहे तो." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्याने माफ केलं होतं. मी केलेलं नाही.

तेराव्याच्या जेवणानंतर मनीष माझ्याजवळ येऊन बसला. "आत्या, पासवर्ड दे दो न. मम्मी का लिखा है उसमें."

मी विचारलं, "आधीचं लिखाण कुठे गेलं?"

"क्या पता, पुराना सिस्टम था, उड़ गया होगा."

"कुणी उडवलं?"

तो म्हणाला, "पापा आपको बोलके गए थे कि मुझे देना है."

"हव, बोलला होता. पण त्याच्यापुढे माझी अट आहे. काय केलंस ते एकदा तुझ्या तोंडाने सांग. नाहीतर पुसून टाक सगळं. तुला येतं ना ते."

त्याच्या बायकोने त्याला हाताला धरून उठवलं. कॉम्प्युटर मी रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणला.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. बराच वेळ हवापाण्याचं बोलला, मग हळूच मराठीत विचारलं. कित्येक वर्षांनी त्याच्या तोंडून मराठी ऐकली. "आत्या, त्यात मी आहे का?"

"आहेस."

"काय लिहिलंय?"

मी वाट पाहिली. ‘मीच पुसलं’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते आलं नाही, मग मी फोन ठेवला.

परवलीचं वाक्य मी तुम्हाला वेगळं लिहून ठेवीन, मुलांनो, पण अटीसकट. अट मोडायची असेल तर मी गेल्यावर मोडा. तोवर रोज दुपारी चारला मी नानाच्या खुर्चीतली उशी माझ्या पाठीशी घेते, वाक्य टाइप करते आणि एक पान वाचते. काल एकतिसावं होतं. मनीष एरवी मराठी बोलत नसला तरी वाचतो, आणि ही पुरवणी त्याच्या घरी जाते, म्हणून पूर्ण सांगत नाही. अभनपूरची बस आहे त्यात. शैलाच्या मांडीवर तापाने फणफणलेलं मूल आहे, रजा न मिळाल्यामुळे शाळेत आणलेलं. आणि चाळीस मुलं पाढे कुजबुजत म्हणताहेत, बाईंनी मोठ्याने म्हणू नका सांगितलं आहे म्हणून. त्यानंतर शैलाने काय केलं ते त्याच पानावर खाली आहे, अकरा ओळींत. मनीष, तुला ते आठवणार नाही. तू झोपला होतास.