खाट सोडून सगळं

खिडकीबाईंनी सामान हलवणाऱ्या मुकादमाला फोनवर सांगितलं ते एवढंच, "लोखंडी खाट सोडून सगळं न्यायचं." मुकादमानंही मागाहून घोळ नको म्हणून ते पुन्हा म्हणून दाखवलं, "खाट सोडून सगळं. ठरलं, काकू." दोघांनीही समाधानानं फोन ठेवले.

खिडकीबाई हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. फेरीबोटीच्या धक्क्यावर तिकिटाची खिडकी होती, जेमतेम हात जाईल एवढी, आणि तिच्यामागे बाईंनी अख्खी नोकरी काढली. गावाला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांची बोटंच जास्त ओळखीची. पाण्यापलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तिकीट फाडून दिलं, पण स्वतः पलीकडे गेल्या त्या एखाद्या लग्नाला नाहीतर डॉक्टरकडे, आणि तेही संध्याकाळच्या फेरीनं परत यायच्या बोलीवर. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला होता.

नवरा मोटारी दुरुस्त करायचा. दांडगा गडी, तोंडानं फाटका, पण हातात कसब. एकदा गॅरेजच्या पत्र्यावरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं ते गेलंच. तेव्हा बंद पडलेल्या एका दवाखान्यातून ती लोखंडी खाट आणली. फिका हिरवा रंग, दोन्ही बाजूंना कठडे, पायथ्याशी हँडल. ते फिरवलं की माणूस पाठीतून उठून बसायचा. पहिल्या दिवशी आळीतली निम्मी माणसं हँडल फिरवून बघायला आली होती. नंतर कोण कशाला येतंय? मग बाई आणि ती खाट. चादर बदला, कूस बदला, भांडं द्या, भांडं न्या. हाक मारायचा कंटाळा आला की नवरा चमच्यानं कठडा बडवायचा. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे शाळा भरते की काय हो, सारखी घंटा?" बाई हसायच्या. न हसून सांगतात कुणाला!

तो गेला तेव्हा बाई रडल्या नाहीत. बाई घट्ट काळजाची आहे, असं लोक म्हणाले. लोकांना काय, जीभ उचलली की लावली टाळ्याला. खरं म्हणजे बाईंना काही वाटेनासंच झालं होतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो, मग गाल जागेवर असतो पण आपला नसतो, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. मुलगा पलीकडच्या शहरातून म्हणाला, घर विकून माझ्याकडे ये, एकटी तिथं काय करतेस. त्या हो म्हणाल्या. तो जंगलात जाऊन राहा म्हणाला असता तरी त्या हो म्हणाल्या असत्या.

फक्त एक गोष्ट त्यांना हवी होती. ती खाट मागे राहायला हवी होती. मुलाकडे त्यांच्यासाठी एक छोटी खोली काढली होती. तिथं खाली गादी टाकायची आणि डोळे उघडले की कठडा दिसायला नको. घर घेणाऱ्याला त्यांनी सांगूनही टाकलं होतं, खाट राहील, भंगारात घाला. का, ते त्यानं विचारलं नाही. मुलाजवळ मात्र त्या याबद्दल अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

सामान न्यायच्या दिवशी मुकादम माणसं घेऊन आला. पोट सुटलेला, बोलघेवडा, कानावर पेन्सिल. कपाटाला घोंगड्या गुंडाळताना तो कपाटाशीच बोलत होता, "चला, दमानं, पाय उचला." बाई किल्ल्या द्यायला घर घेणाऱ्याकडे गेल्या. त्याच्या बायकोनं चहाला बसवलं, वर शेजार कसा आहे, पाणी कधी येतं, अशा सतरा गोष्टी विचारत बसली. बाई परत आल्या तोवर ट्रकवर ताडपत्री आवळून झाली होती. मागच्या खोलीत एकदा डोकावून यावं असं त्यांच्या मनात आलं, पण पाय वळेना. त्या ट्रकमध्ये चढून ड्रायव्हरशेजारी बसल्या.

धक्क्यावर खिडकीत आता एक नवी मुलगी होती. बाई मुद्दाम उतरून स्वतःचं तिकीट काढायला गेल्या. मुलीनं मान वर न करता ते बाहेर सरकवलं. बाईंना राग आला नाही. त्यांनी तरी इतकी वर्षं कुणाकडे मान वर करून बघितलं होतं?

फेरीवर ट्रक उलटा चढवतात, म्हणजे पलीकडे सरळ उतरतो. ओहोटी होती, उतार खडा झाला होता. मागची चाकं फेरीच्या पत्र्यावर आदळली आणि ताडपत्रीचं एक टोक सुटलं. आधीच फेरीवर जाऊन उभ्या राहिलेल्या बाईंना आत, अगदी कडेला, फिका हिरवा कठडा दिसला.

"मुकादम, ही खाट कशी आली?" बाईंनी विचारलं.

"कशी म्हणजे? सोडून आणली. तुम्हीच सांगितलंत ना."

"अहो, मी म्हटलं होतं, खाट सोडून!"

"मग तेच केलं की! बोल्ट न् बोल्ट सोडला, काकू. एक मेला गंजून बसला होता, त्याला रॉकेल पाजलं तेव्हा कुठं सुटला. दुसरा कोणी असता तर तशीच आडवी घातली असती आणि सगळे पाय वाकडे."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. खिडकीत बसून त्यांनी जन्मभर हाच शब्द वापरला होता. 'लहान मूल सोडून दोघं', 'सायकल सोडून एक'. सोडून म्हणजे वगळून, दुसरं काय! आणि हा गृहस्थ जन्मभर पंखे सोडत, पलंग सोडत, पाळणे सोडत आलेला. त्याच्या लेखी सोडून म्हणजे पाना घेऊन, नट फिरवून. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि खाट फेरीवर होती. कुणावर ओरडावं तर तसा माणूसच सापडेना.

मुकादमाच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. मग त्यानं कपाळावर हात मारला.

"अरे देवा! नकोच होती होय ही?"

"नको होती."

"पाण्यात टाकली असती, पण मग ही फेरीवाली माणसं मागोमाग मलाही टाकतील." तो हसला. बाई हसत नाहीत हे बघून आवाज उतरवून म्हणाला, "मालक होते का यावर?"

बाईंनी होय म्हणून मान हलवली.

"मग काळजी सोडा. परतीला गाडी रिकामीच जायची आहे. हिला घरात नेतच नाही. वाटेत भंगारवाल्याकडे टाकतो. चालेल?"

"चालेल," बाई म्हणाल्या. आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना चहा प्यावासा वाटला. फेरीवर चहा मिळत नाही, तो भाग वेगळा.

पण जे शेवटी चढतं ते आधी उतरतं, त्याला मुकादम तरी काय करणार? मुलाच्या दारात ट्रक उभा राहिला आणि कपाटाला वाट करून द्यायला खाटेचे तुकडे आधी बाहेर काढावे लागले. मुकादमानं ते भिंतीला टेकवून ठेवले आणि बाईंना डोळ्यांनीच खूण केली. तेवढ्यात मुलगा बाह्या सरसावत बाहेर आला. त्याचं पहिलं लक्ष त्या हिरव्या कठड्याकडेच गेलं.

"आणलीस ना? मी फोन करून सांगणारच होतो, खाट विसरू नकोस म्हणून. अशी मजबूत वस्तू आता कुठं मिळते?" त्यानं कठडा उचलला, प्रेमानं थोपटला. "आणि आई, आज ना उद्या तुला लागेलच की."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आईची पुढची सोय झाली म्हणून तो खूश होता, चेहऱ्यावर दिसतच होतं.

"साहेब, ती खाट जरा..." मुकादम मध्ये पडला आणि बाईंकडे वळला. "काकू? तुम्ही सांगा."

नको, एवढंच म्हणायचं होतं. मुलगा कठडा धरून उभा होता, सून दारातून बघत होती. बाईंनी तोंड उघडलं.

"आत घ्या," त्या म्हणाल्या.

मुकादमानं खाट छोट्या खोलीत जोडली. निघताना तो नुसता "येतो" म्हणाला.

सुनेनं गादी घातली, चादर ताणली, म्हणाली, "जरा पडा आई, दमला असाल." बाई पडल्या. इतकी वर्षं त्या या खाटेच्या कडेला बसल्या होत्या, उभ्या राहिल्या होत्या, तिच्यावर आडव्या कधी झाल्या नव्हत्या. नवरा पडल्या पडल्या सारखा दाराकडे बघायचा. तो आपल्यावर पाळत ठेवतोय असं वाटून त्या एकदा त्याच्यावर कडाडल्याही होत्या, "काय बघता हो सारखे दाराकडे?"

आता त्यांना दिसलं. उशीवर डोकं टेकलं की दोन्हीकडे कठडे येतात आणि समोर फक्त दार उरतं. तिथून दुसरं काही दिसतच नाही.

बाईंना भीती वाटली. कितीतरी दिवसांनी त्यांना काहीतरी वाटलं, आणि ते हे होतं. बाहेर मुलगा आणि सून कपाट कुठं ठेवायचं यावर बोलत होते. कोणीतरी आत यावं म्हणून त्या दाराकडे बघत राहिल्या.