चेण्याच्या बसचा ड्रायव्हर

मीरा रोड स्टेशनवरून चेण्याला जाणाऱ्या बसवर तो ड्रायव्हर होता. बस पालिकेची, तो ठेकेदाराचा. रोज दिसायचा, पण कधी बोलायचा नाही. गाडी सुरू करण्याआधी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला न्यायचा, एवढंच मला त्याच्याबद्दल ठाऊक.

त्या सकाळी घोडबंदर रोडच्या उतारावर त्याने आमच्या उतरायच्या स्टॉपवर बस थांबवलीच नाही. "अरे भाई, रोको ना!" लोक ओरडले. त्याने गिअर खाली घेतला आणि बस रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगाऱ्यात घातली. जोराचा हिसका बसला, बस थांबली.

मी खाली उतरलो. तो पुढच्या चाकापाशी उभा राहून फोनवर ठेकेदाराला सांगत होता, "साहेब, ब्रेक गेला."

तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "गाडीचं किती नुकसान झालं?"

"बंपर गेलाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "माणसं सगळी वाचली. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो."

त्याने पाण्याची बाटली काढली, पण हात इतके थरथरत होते की झाकण फिरेना. शेवटी ते मी उघडून दिलं.