विनूमामाचा अर्धवट अर्ज

परदेशी जावई कोर्टाचा हुकूम घेऊन तुमच्या दारात उभा आहे, त्याच्यामागे पोलीस आहेत आणि सात वर्षांची नात तुमच्या पाठीशी लपली आहे. तुम्ही दार उघडाल की नाही? एका शब्दात सांगा. विनूमामा हा प्रश्न भेटेल त्याला विचारायचा. शेवटच्या आजारपणात त्याने तो नर्सला विचारला. ती "नाही" म्हणाली म्हणून शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला विचारला, आणि अर्ध्या तासात वॉर्डात दोन तट पडले. डॉक्टर मला म्हणाले, "यांना विश्रांतीची गरज आहे." मामा म्हणाला, "मला नाही, यांनाच आहे. मघापासून विचारतोय, उत्तर येत नाहीये." ती आमची शेवटची भेट. तीन दिवसांनी सकाळी मामीचा फोन आला. "गेले गं…" म्हणाली, आणि जरा थांबून, "लगेच ये. पण घोषणा नकोत हं."

मामीची भीती अगदीच अनाठायी नव्हती. माझं बालपण पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. आई मोर्चे काढायची, आणि तिचा सख्खा भाऊ, हा मामा, कोर्टात बेलिफ होता. समन्स बजवायचं, जप्ती करायची, ताबा घेऊन द्यायचा, हे त्याचं काम. आई सरकारविरुद्ध घसा बसेपर्यंत ओरडून घरी यायची, तेव्हा सरकार आमच्या स्वयंपाकघरात पोहे खात बसलेलं असायचं. "जोरात झाला का मोर्चा?" सरकार विचारायचं. "लिंबू आहे का गं?"

रिटायर झाल्यावर मामा शनिवार पेठेतल्या एका शाळेत दर रविवारी भरणाऱ्या आमच्या चर्चामंडळात येऊ लागला. त्याचा नियम एकच. ज्या बाजूने बोलायला कोणी उठत नाही, ती बाजू त्याची. अशातच वारज्याच्या ताराचं प्रकरण आलं. तारा जन्माने आणि पासपोर्टने पोलंडची. तिची आई वारज्याची; ती तिकडेच आजारपणात गेली आणि आजी-आजोबा नातीला इकडे घेऊन आले. व्हिसा संपला तरी त्यांनी तिला परत पाठवलं नाही. शेवटी बाप आला, कोर्टात गेला आणि हुकूम मिळवला: मुलीला त्याच्या स्वाधीन करा, गरज पडल्यास पोलिसांची मदत घ्या. आजोबांनी दाराला आतून कडी घातली. चर्चामंडळाने विषय ठेवला: असा ताबा घेताना सरकारने बळ वापरावं का?

वापरू नये, असं आम्ही अकरा जण बोललो. मी तर टेबलावर मूठ आपटली. मग मामा उठला. "हुकूम बजवायचाच नसेल तर कोर्टाचं मंगल कार्यालय करा," तो म्हणाला. "पार्किंग उत्तम आहे."

"मामा, सात वर्षांच्या पोरीला उचलायला चार पोलीस?"

"पोरीला एक पुरे. तीन आजोबांसाठी."

"लाज वाटत नाही तुला?"

"रिटायर झालोय. आता सगळं ऐच्छिक आहे."

मी त्याच दुपारी पत्रक काढलं. मथळा होता, 'तारा आमची आहे!!!' खरं तर ताराला आमच्यापैकी कोणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. हुकूम बजवायच्या दिवशी आम्ही चाळीस जण त्या बिल्डिंगच्या जिन्यात साखळी करून घोषणा देत उभे राहिलो. ताराचा बाप खाली गेटपाशी उन्हात उभा होता. आमच्या पत्रकात तो 'परकीय शक्ती' होता, त्यामुळे त्याला कोणी खुर्ची दिली नाही. पोलीस तर जिना चढलेच नाहीत. बाई इन्स्पेक्टर समोरच्या टपरीवर चहा घेत आमचं संपायची वाट बघत होत्या. आम्ही मात्र थांबायला तयार नव्हतो. तासाभराने आजी दार उघडून बाहेर आली आणि तिने माझ्यापुढे हात जोडले. "पुरे करा हो आता. पोरगी मघापासून बाथरूममध्ये कडी लावून बसलीय. तुमच्या आवाजाला घाबरलीय."

मामा कधी वर आला ते मला कळलंच नाही. नोकरीभर तो ज्या दारात हुकूम घेऊन गेला, त्या दारात आधी चपला काढायचा आणि पाणी मागायचा. पाणी मागणाऱ्याच्या तोंडावर दार लावायला माणूस कचरतो, असं त्याचं म्हणणं. तसंच त्याने केलं. अर्धा पेला पाणी प्यायला आणि बाथरूमच्या दाराशी फरशीवर बसला. मी मागे उभी होते.

"तू पोलीस आहेस?" आतून आवाज आला. मराठी अगदी वारज्याचं.

"छे. मी रिटायर्ड आहे."

"मग बाहेर ओरडतंय कोण?"

"माझी भाची."

"ती वाईट आहे?"

"नाही गं. तिला आवाज कमी करता येत नाही, एवढंच. लहानपणापासून आहे तिला ते."

मी खाली जाऊन साखळी मोडली. आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांना "घरी जा" म्हणाले. आवाज थांबला तशी ताराने बाथरूमची कडी काढली. मामाने बाई इन्स्पेक्टरांकडून दोन तास मागून घेतले. बापाला वर बोलावलं, खुर्ची दिली, आजीने आजोबांसकट सगळ्यांना वरण-भात वाढला. मग तारा एका हाताने आजीचं आणि एका हाताने बापाचं बोट धरून जिना उतरली. कोणी तिच्या अंगाला हात लावला नाही. मला वाटलं, मामा जिंकला. पण गेटपाशी ती थांबली, मागे वळली आणि मामाला म्हणाली, "आजोबा, मी नाही म्हटलं असतं तर?"

डॉक्टरांना, न्यायाधीशांना, माझ्या आईला उत्तरं देणारा माझा मामा… त्याने नुसता चष्मा काढला आणि शर्टाला पुसला. गाडी निघून गेली.

पुढच्या रविवारी तो आला, पण बोलायला उठला नाही. मंडळाच्या चिटणीसांना वाटलं, प्रकृती बरी नसेल. परत येताना रिक्षात मला म्हणाला, "तू समजतेस तसं मी तिला वाचवलं नाही गं. बळ वापरलंच आम्ही. फक्त आवाज केला नाही. तू निदान ओरडत होतीस…" मी त्याच्याशी वाद घातला नाही. तेवढाच एक वाद माझा त्याच्याशी घालायचा राहिला.

मामी म्हणाल्यामुळे अंत्ययात्रेत घोषणा दिल्या नाहीत. दहाव्यानंतर तिने मला त्याच्या टेबलावरचा एक कागद दिला. पोलीस आयुक्तांना लिहिलेला अर्ज, बेलिफच्या सरळ, तिरकसपणा नसलेल्या अक्षरात. मुलाचा ताबा घेताना पोलिसांनी गणवेशात येऊ नये. जमावानेही येऊ नये (यासाठी भाचीला समज दिली आहे). मुलाला आदल्या दिवशी सर्व सांगावे. मूल जेवलेले असावे. आणि शेवटी, तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेलं: 'मुलाला विचारावे. मूल नाही म्हणाले तर…' पुढे काही नाही.

हे वाक्य पुरं करायला मी सहा आठवडे बसले आहे. मला मथळे सुचतात, उद्गारचिन्हं सुचतात. ते सुचत नाही. कोर्टाने मुलाच्या शब्दावर थांबावं, तर कुठवर? आणि थांबू नये, तर मग विचारायचंच कशाला? अर्ज द्यायचा आहे, कारण पुढची तारा कुठल्या तरी बाथरूममध्ये कडी लावून बसलेली असणारच. येत्या रविवारी अकरा वाजता तो कागद चर्चामंडळाच्या टेबलावर असेल. सही नुसती करू नका. या, आणि 'तर'च्या पुढे तुमच्या हाताने एक ओळ लिहा.