चुलीमागे एक माणूस

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गल्लीतून गहू गोळा केले. चैताचा भंडारा होता. आमच्या गल्लीत दरसाल मारुतीपुढं वरण-बट्टी होते, अन् तिच्यासाठी चुलीमागे एक डबा गहू घेतात. पोतं माझ्या खांद्यावर, डबा तिच्या हातात. चारचं ऊन होतं. ती कुणाची कडी वाजवायची नाही, उंबऱ्याबाहेरूनच हाक द्यायची, "गहू काढा वं माय!" पूर्वी या हाकेवर गल्लीभर डबे खडखडायचे. त्या दिवशी एक कुत्रं उठून बसलं, तेवढंच.

मी चौथी शिकलेला माणूस. जिनिंगमध्ये कापसाची ओझी वाहून म्हातारा झालो. पण गल्लीची वही दहा वर्षं माझ्याकडं आहे, कारण आधी ज्याच्याकडं होती तो म्हातारा गेला अन् दुसरं कुणी घेईना. या वहीत घरं नसतात, चुली असतात. एका घरात दोन भाऊ वेगळे झाले की दोन चुली. आमचं सगळं चुलीवर चालतं. भंडाऱ्याला चुलीमागे एक डबा गहू. कुणी मेलं तर चुलीमागे एक माणूस खांदा द्यायला. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, म्हणून तिथं चहा अन् जेवण बाकीच्यांनी पोचवायचं, तेही पाळीपाळीनं, वहीत जसा क्रम असेल तसं. भाडेकरूची चूल मोजायची नाही. हा नियम जुना आहे, माझा नाही. पण मी तो धरून बसलो, हे खरं.

वही हातात आली तेव्हा अठरा चुली होत्या. आज सव्वीस आहेत. ऐकणाऱ्याला वाटेल, गल्ली वाढली. तेव्हा एकेका चुलीवर दहा-बारा ताटं पडत. उन्हाळ्यात पोरं ओट्यावर झोपत अन् सकाळी कुणाचं पोर कुणाच्या गोधडीत निघेल याचा पत्ता नसायचा. मग भाऊ वेगळे होऊ लागले. आमच्या समोरच्या घरात दोघं भाऊ, थोरला माझ्याच वयाचा, त्याला सगळे दादा म्हणतात. वेगळे झाले तरी गहू द्यायची वेळ आली की दादा म्हणायचा, "आमची चूल एकच आहे हो." अन् लग्नाचं आवतण एकच गेलं की तोच भांडायला यायचा, "धाकट्याला वेगळं का नाही?" मग माझी बायको सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात शिरली.

"दोन टाक्या आहेत," ती बाहेर येऊन म्हणाली. "पूर्वी धूर मोजायची, आता गॅसच्या टाक्या मोजते. काढा दादा, दोन डबे."

"वहिनी, तुम्ही पोलिसात पाहिजे होत्या," दादा म्हणाला, अन् दोन डबे दिले.

तोवर हसण्यासारखं होतं. पुढं एकेक जण निघू लागला. कुणी पोरांच्या शिक्षणासाठी इंदूरला, कुणी सुरतला, माझा पोरगा पुण्याला. त्या मोठ्या आजाराच्या सालात सगळे गाठोडी घेऊन परत आले. दोन-तीन महिने गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, नळावर भांडणं, दुपारी पत्ते. आम्ही म्हातारे मनातल्या मनात खूश होतो, खोटं कशाला बोलू. मग गाड्या सुरू झाल्या अन् सगळे गेले. या खेपेला बायका-पोरंही नेली. आधी जाणाऱ्याचं अर्धं घर तरी मागं राहायचं. त्या वर्षी दारांना कुलपं लागली. तेव्हापासून आमच्या गल्लीत पाळणा बांधलेला नाही. रिकाम्या खोल्यांत भाडेकरू आले. कुणी खंडव्याकडचे, कुणी त्याच्याही पलीकडचे, हिंदी बोलणारे. त्यांच्या घरून सकाळी फोडणीचा वास येतो, पोरं रडतात. पण ते वहीत नाहीत.

कुलूपवाल्या चुली मात्र वहीत आहेत. मीच ठेवल्या.

ही गोष्ट तिला पटायची नाही. त्या दिवशी गहू गोळा करताना इंदूरवाल्याच्या दाराशी ती थांबली. कुलपावर गंज चढला होता, उंबऱ्यात पिंपळाचं रोप आलं होतं. ते तिनं उपटलं.

"हे नाव कापा आता. कुलूप बट्टी खातं का?"

"नाव कापलं की माणूस परत येत नाही," मी म्हणालो.

"अन् ठेवलं म्हणून आला का कुणी?"

मी पुढं चालू लागलो. मागून ती हळूच म्हणाली, "मला माहीत आहे तुम्ही का कापत नाही. एक कापलं तर आपल्या पोराची चूल कापावी लागेल."

खरंच होतं. पोराचं लग्न झालं तेव्हा मी हौसेनं आमच्या घरच्या दोन चुली लिहिल्या होत्या. एक आमची, एक त्याची. त्याची पुण्यात पेटते. दर भंडाऱ्याला त्याच्या नावचा डबा मी माझ्याच कोठीतून काढतो.

पुढच्या खोलीत एक भाडेकरू राहतो. केळीच्या गाड्या भरायला जातो. त्याची बायको आमची हाक ऐकून ताटात गहू घेऊन बाहेर आली. डोक्यावर पदर, कडेवर लेकरू. म्हणाली, "अम्मा, हमसे भी ले लो." माझ्या बायकोनं डबा पुढं केला.

मी म्हणालो, "नाही. वहीत नाहीत ते."

"अहो, देतायत ना हातानं."

"नियम आहे."

त्या बाईला मराठी कळत होतं. तिनं ताट मागं घेतलं, दोन दाणे खाली सांडले तेही वाकून उचलले, अन् आत गेली. माझी बायको डबा घेऊन माझ्या पुढं चालत घरी गेली. घरी गहू कोठीत ओतले, हात झटकले अन् विचारलं, "चुली सव्वीस. खांदे किती?"

"सव्वीस."

"मोजा ना. बोटावर मोजा."

"तुला कोण मारतंय आत्ता?" मी ओरडलो. "भंडाऱ्याचं बघ."

ती हे का विचारत होती, हे मला ठाऊक होतं. मागच्या साली कोपऱ्यावरची एक म्हातारी गेली, तेव्हा तिला उचलायला माणसं पुरली नाहीत. मयताची गाडी मागवली. गाडी गल्लीत शिरत नाही, तोंडाशी उभी राहते. म्हातारीला आत सरकवलं, दार लावलं, अन् दोन मिनिटांत ती नाहीशी झाली. बायका नीट रडल्याही नव्हत्या. त्या दिवशी माझी बायको जेवली नाही. मला म्हणाली, "मला त्या डब्यात घालू नका. मला माणसांनी न्या. तापीपर्यंत सगळ्या रस्त्यानं दिसत न्या." मी म्हणालो, हाव, तसंच नेईन. तिनं मारुतीची शपथ घातली, तीही घेतली. माझ्या हिशेबानं सव्वीस माणसं होती.

गहू गोळा केल्याला तिसरा दिवस होता. अकराच्या सुमाराला ती ओट्यावर बसून तेच गहू निवडत होती. मी आत पाणी प्यायला गेलो. बाहेर आलो तर सूप पालथं पडलेलं अन् ती भिंतीला टेकलेली. डोळे उघडे होते. मला वाटलं, कुणाकडं तरी बघते आहे. शेजारच्या वहिनी आल्या, त्यांनी नाकाशी हात धरला अन् तिचा पदर नीट केला. वहिनी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी विधवा बाई, तिचाही पोरगा सुरतेत.

पोराला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, निघतो मी, आत्ता निघतो." पुण्याहून यायला रात्र होणार. दादा म्हणाला, या उन्हात ठेवता येणार नाही, दिवस मावळायच्या आत न्यायचं. मी मान हलवली. मग वही काढली.

आमच्याकडं रीत अशी की खांद्याला आपणहून कुणी येत नाही, दारोदार सांगावा जातो. वहिनी निघाल्या सांगत. मी वहीतली नावं वाचत गेलो. सव्वीसपैकी नऊ कुलपं. चार घरी एकट्या बायका. एक पोरगा पुण्याचा, वाटेत. जे कमावते होते ते सकाळीच बाहेर पडलेले. कुणी बहादरपुराला केळीच्या कटाईवर, कुणी नेपानगरला. फोन केले. "घाटावर येतो काका, सरळ घाटावरच येतो," असं सगळे म्हणाले. आले पण, मोटरसायकलींवर, खोटं बोलणार नाही. पण खांदा रस्त्यात द्यायचा असतो. घाटावर सगळेच येतात.

अंगणात उभे होतो सहा जण. मी, दादा, त्याचा धाकटा, ज्याला दमा आहे, अन् तीन म्हातारे, त्यातला एक काठीवाला. तापीचा घाट लांब आहे. आलटून-पालटून डझनभर माणसं तरी लागतात.

दादा माझ्याजवळ आला. खाली बघत म्हणाला, "गाडी बोलावू का?"

मी तिरडीचे दोर ओढून बघितले.

"अरे, रस्त्यात पाडलं तर काय तोंड दाखवणार आपण? माझे गुडघे बघ. बोलावू?"

"बोलाव," मी म्हणालो.

तिरडी उचलली. मी पुढं उजवीकडं होतो. ती वजनाला काहीच नव्हती, पण आम्हीच डगमगत होतो. एका कुलपापासून दुसऱ्या कुलपापर्यंत पावलं मोजत चाललो. केळीच्या गाड्या भरणारा तो भाडेकरू आपल्या दारात उभा होता. त्या दिवशी त्याला काम नसावं. चांगला रुंद छातीचा गडी. बाजूला अजून दोघं, त्याच्याच गावाकडचे. तिघांनी हात जोडले होते. सांगावा त्यांच्या दारी गेलाच नव्हता. वहिनींना वहीतलीच दारं माहीत. मी त्याच्याकडं बघितलं, तोंडही उघडलं. पण तिरडी तिच्या पायाकडं कलली, मागून दादा ओरडला, "सांभाळ!" अन् आम्ही पुढं गेलो.

गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी होती. मागचं दार उघडं. मी खोटा पडलो तो तिथं.

घाटावर आग मीच दिली. संध्याकाळी परतताना तो भाडेकरू पुन्हा दारात. म्हणाला, "काका, हमको एक बार बोल देते. हम तीन जने घर पे ही थे." मी म्हणालो, "हाव." त्याच्या बायकोनं आतून त्याला हाक मारली, तो आत गेला.

त्या संध्याकाळचा कडू घास वहिनींनी आणला, पिठलं अन् भाकरी. पहिला घास शेजारच्यांचाच असतो. त्यापुढचं सगळं पाळीवर. पोरगा रात्री पोचला, आईच्या जागेवर सतरंजी टाकून तसाच कपड्यांत पडला.

सकाळी मी ओट्यावर बसलो. सकाळचा चहा पहिल्या पाळीचा. मागच्या मयताला पाळी दादाच्या घराशी थांबली होती, म्हणजे आता दादाच्या पुढचं घर. सात वाजले. साडेसात. दादा आपल्या ओट्यावरून माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं. पाळी नसताना चहा आणला तर ज्याची पाळी त्याचा अपमान होतो, म्हणून तोही उठेना. वहिनी झाडू मारता मारता थांबल्या.

"चहा आला ना हो?"

"येतोय," मी म्हणालो.

पोरगा उठून दारात आला. डोळे सुजलेले. "बाबा, कुणी चहा नाही आणला?"

"आज इंदूरवाल्याची पाळी आहे."

त्याला काही कळलं नाही. "इंदूरवाले काका आलेत?"

"नाही."

"मग उद्याची कुणाची?"

त्याच्या पुढचं नाव मला पाठ होतं. तेही कुलूपच. मी त्याला आत चल म्हणालो. त्याला पाटावर बसवलं, बाहेरचं दार लोटून कडी घातली, गल्लीकडची खिडकी लावली, अन् तिच्या मरणाच्या दुसऱ्या दिवशी गॅस पेटवून दोन कप पाणी ठेवलं.