जिंजीच्या दाराबाहेरचा घोडेस्वार

हॅमिल्टनच्या मोठ्या हॉस्पिटलमागच्या गल्लीत अक्कांचं डोशाचं दुकान आहे. मी तिथे चटण्या वाटते, सांबार बघते. माझी शाळा नववीत सुटली. या देशात जिथे काम मागायला गेले तिथे आधी शिक्षण विचारलं. अक्कांनी एवढंच विचारलं, "नारळ फोडता येतो?" तेव्हापासून त्यांच्यासाठी काय करू नि काय नको असं होतं मला. भीतीही तेवढीच वाटते. ही जागा गेली तर दुसरं कोण ठेवून घेणार, हे भांडी पुसतानासुद्धा मनात चालू असतं.

तिकडे दक्षिणेतल्या जिंजीचं नाव आपल्या किल्ल्यांबरोबर जगाच्या वारसायादीत आलं, तेव्हा नवऱ्यानं फोनवर फोटो दाखवले. अक्कांचं गाव त्याच किल्ल्याखालचं. म्हटलं, यंदा दिवाळीचा किल्ला जिंजीचा करायचा, तोही दुकानाच्या दर्शनी काचेमागे. अक्कांना आनंद होईल.

माती गार्डन सेंटरमधून आणली. तांदळाची गोणपाटं चिखलात बुडवून तीन डोंगर उभे केले, तटानं जोडले. अळीव पेरले. गावाहून आणलेल्या मातीच्या चित्रांतले महाराज सगळ्यात उंच डोंगरावर सिंहासनावर बसवले. किल्ला कुठलाही असो, वर महाराज आणि खाली शत्रू, आमच्याकडे असंच करतात. शत्रूची चित्रं नव्हती. एक सुटा घोडेस्वार उरला होता, तलवार उपसलेला. तो दाराबाहेर ठेवला नि समोर दोन मावळे भाले रोखून.

दिवाळीच्या आदल्या दिवशी अक्का सकाळी आल्या, कोट न काढताच काचेपाशी उभ्या राहिल्या. डोंगर ओळखले त्यांनी. "ये राजगिरी," उंच डोंगराकडे बोट करून म्हणाल्या, हसल्या. मग खाली वाकल्या आणि हसू गेलं.

"हा बाहेर का?"

आमचं बोलणं मोडक्यातोडक्या हिंदीत. मी म्हटलं, "तो दुश्मन आहे, अक्का."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या घरातलंच कुणीतरी मेल्याचं हसत सांगितलंय. "दुश्मन? घोड्यावरचा आमचा राजा आहे तो. त्याच्याच दारात त्याच्यावर भाले लावलेस?"

आणि आत जाऊन पीठ ढवळायला लागल्या.

 जिंजीला असा कुणी राजा होता? मला पुस्तकातलं आठवत होतं ते इतकंच, की मोठ्या महाराजांनी जिंजी घेतली, पुढे त्यांचे धाकटे चिरंजीव तिथून लढले, वेढ्यातून सुखरूप निसटले. धडा संपला. आपण निघून आल्यावरही तो किल्ला तिथेच होता, त्यात माणसं राहत होती, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्या विचारानंच मी हादरले. चटणीत मीठ दोनदा पडलं.

दुपारची गर्दी ओसरली तशी मी काचेपाशी जाऊन महाराजांना उचलायला लागले.

"त्यांना कशाला हलवतेस?" अक्का मागून म्हणाल्या. "बसले होते ना ते तिथे. बसू दे. पण त्यांच्या आधी कोण, नंतर कोण, ते तरी विचारायचंस, मा."

मग डाळ निवडता निवडता सांगत गेल्या. पहिला तट धनगरांच्या एका म्होरक्यानं घातला, असं त्यांच्या गावात म्हणतात. मग नायक राजे आले, त्यांनी धान्याची कोठारं बांधली, हत्तींसाठी तळं खणलं. मग विजापूरवाले, मग तुम्ही, मग दिल्लीवाले. मग हा घोड्यावरचा पोरगा, मिसरूडही धड न फुटलेला. नवाबानं खंडणी मागितली. यानं दिली नाही, मूठभर स्वार घेऊन अख्ख्या फौजेवर गेला.

"मग?"

"मग काय. पडला. बायको होती कोवळी. तिनं चितेत उडी घेतली. आमच्या आजीला ते गाणं पूर्ण कधी म्हणता आलं नाही, मधेच रडायची."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. "आणि किल्ला?"

"फ्रेंच आले, इंग्रज आले. खांबसुद्धा काढून पाँडिचेरीला नेले, समुद्राकाठी उभे केलेत शोभेला. शेवटी कुणीच नाही. मी लहानपणी कोठारात शेळ्या बांधायचे पाऊस आला की."

ज्याच्यासाठी एवढी माणसं मेली, त्यात शेळ्या. मी विचारलं ते भलतंच. "अक्का, मी उद्यापासून येऊ ना कामाला?"

"म्हणजे?" आता त्या चकित झाल्या. "उद्या सणाची गर्दी. तू नाही आलीस तर चटणी काय तुझे महाराज वाटणार?"

मला हसू फुटलं नि डोळेही भरले, दोन्ही एकदम.

अक्का उठल्या, भाले रोखलेले दोन मावळे बाजूला केले. घोडेस्वार उचलून आत घ्यायला गेल्या, तर मी केलेलं दार अरुंद. घोड्याचं डोकं कमानीला अडलं. त्यांनी बोटानं कमानच पाडली. "मोठी बांध."

मी ओल्या मातीनं कमान पुन्हा बांधली, उंच. घोडा आत उभा केला, महाराजांच्या डोंगराखाली, त्यांच्याकडे तोंड करून. अक्कांनी नकारार्थी मान हलवली.

"मग कुणीकडे करू तोंड?"

"बाहेर," त्या म्हणाल्या. "राहिला असता आत, तर जगला असता. पण बाहेर गेलाच ना तो."

मी घोडा दाराकडे वळवला.