मामांची जीप आणि मागचं माप

कप आधी खाली ठेवा. एकाला हा किस्सा सांगत होतो तर चहा त्याच्या नाकातून आला. तुम्हीही हसणार, मला माहीत आहे. हसा बापडे! पण त्या दिवशी जीपखाली उताणा पडून मी काय भोगलं, ते माझं मला ठाऊक.

सत्तर सालानंतरची गोष्ट. माझं लग्न नुकतंच झालेलं. मी नोकरीला ओझरच्या विमान कारखान्यात, तपासणी खात्यात. तयार झालेला भाग हातात घ्यायचा आणि केसाच्या जाडीएवढा फरक असला तरी परत पाठवायचा, हे माझं काम. आता दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःबद्दल काय वाटत असेल, सांगा बरं?

सासुरवाडी पिंपळगाव बसवंतची. सासरे, म्हणजे मामा, द्राक्षबागायतदार. त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी जीप घेतली होती. नांगरटीतून जायची, ओढ्यातून जायची, बांधावर चढायची. जायची नाही ती फक्त सरळ! स्टेअरिंगवरचा हात जरा सैल झाला की डावीकडे पळायची. पुढचे टायर तर एका कडेनं उंदरांनी कुरतडल्यासारखे झिजलेले.

त्यात माझ्या मेहुणीला, शकूला, पंचवटीतलं स्थळ सांगून आलेलं. मुलगा पसंत, मुलगी पसंत, फक्त शेवटची बैठक राहिलेली. ती आमच्याकडच्या अडचणीमुळे एकदा पुढे ढकललेली, त्यामुळे तिकडची मंडळी आधीच जरा फुगलेली. आता दुपारी वेळेवर पोचणं भाग होतं.

सकाळी मामा म्हणाले, "जावईबापू, गाडी लय वढती डाव्या अंगाला. निघायच्या आधी मिस्त्रीला दावून आणतो."

आणि मी, तोंडाला कुलूप नसलेला माणूस, म्हणालो, "मिस्त्री कशाला मामा? विमानं तपासतो मी! जीपची दोन चाकं काय घेऊन बसलात?"

त्या क्षणी कुणी माझ्या तोंडात पुरणपोळी कोंबली असती तर केवढा अनर्थ टळला असता!

तसं काम सोपं असतं हो. पुढच्या दोन चाकांवर मधोमध खडूची रेघ मारायची. दोन रेघांमधलं अंतर एकदा चाकांच्या पुढच्या बाजूनं मोजायचं आणि एकदा त्याच चाकांच्या मागच्या बाजूनं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवं. नसेल तर दोन्ही चाकांना जोडणारा आडवा रॉड पान्यानं फिरवायचा. झालं! कळलं ना तुम्हाला?

मामांनाही कळलं, असं मला वाटलं. तिथंच माती खाल्ली.

जीप अंगणात घेतली, पुढून जॅकवर उचलली, दगड लावले, खडूच्या रेघा मारल्या आणि मी पाना घेऊन खाली शिरलो. एक टेप माझ्या बायकोकडे, सुमनकडे. दुसरी मामांकडे, आणि तिचं टोक धरायला मामी, डोक्यावरचा पदर दातात धरून.

"सुमन, पुढचं माप?"

तिनं सांगितलं.

"मामा, मागचं माप?"

मामांनी सांगितलं. ऐकून मी हादरलो. मागचं पुढच्यापेक्षा चांगलं वीतभर जास्त! म्हणजे चाकं पुढून पार आत वळलेली. अशी गाडी इतके दिवस चाललीच कशी? मला तर मामांची दया आली.

मी रॉड फिरवला. पुढचं माप थोडं वाढलं. मागचं?

"हाय तेवढंच हाय!" मामा ओरडले.

अजून फिरवला. पुढचं अजून वाढलं.

"मामा, मागचं?"

"तसूभर हाललं नाय बगा!"

आता मला सांगा, पुढून चाकं फाकली तर मागून ती जवळ यायला नकोत का? शाळेतल्या पोरालाही कळेल. पण माझ्या डोळ्यांत गंज पडत होता, मानेखाली खडा होता आणि डोक्यात गर्व होता. मला वाटलं, मामांना माप नीट वाचता येत नसेल. म्हटलं, जाऊ दे, सासरे आहेत. आणि फिरवत राहिलो. रॉड कुरकुरला, मग घट्ट झाला, मग मी पान्याला पाइप लावून लोंबकळलो. घामानं सदरा अंगाला चिकटला. रडू यायचं तेवढं बाकी होतं.

सुमन पुढून वाकून म्हणाली, "अहो, ही चाकं एकमेकांवर रुसल्यासारखी दिसताहेत."

"जमिनीवर टेकली की सरळ होतात," मी खालून म्हणालो. कशाच्या आधारावर म्हणालो, ते आजपर्यंत मला कळलेलं नाही.

मामी आपल्या हळूच म्हणाल्या, "मिस्त्रीला बोलवू का?"

"नको!!"

शेवटी रॉड फिरेनासा झाला तेव्हा मी बाहेर आलो आणि जाहीर केलं, "एकदम फर्स्टक्लास!"

आम्ही निघालो. मामा चालवायला, मी शेजारी, मामी आणि सुमन मागे नव्या साड्या नेसून. मामींच्या मांडीवर पेढ्यांचा डबा.

रस्त्याला लागलो आणि जीपनं जो गळा काढला! डुकराच्या मानेवर पाय द्यावा तसा आवाज. डावं चाक डावीकडे चाललंय, उजवं उजवीकडे, आणि मधे आम्ही चौघं. रस्त्यावरचे बैल बुजले. मागून येणारा ट्रकवाला ओलांडून जाताना मान बाहेर काढून चाकांकडे बघतच राहिला.

"जावईबापू, आता ती दोन्ही अंगांना वढती," मामा दातओठ खात म्हणाले.

"रुळेल हळूहळू."

कसली रुळतेय! रबर जळाल्याचा वास येऊ लागला. धूर दिसायला लागला. मी मनात म्हणत होतो, देवा, कुठंही बंद पाड, फक्त ओझरला नको. आणि देवानं नेमका 'ओझर' एवढाच शब्द ऐकला! कारखान्याच्या फाटकासमोर टायर फाट्कन फुटला. वर पहिली पाळी नुकतीच सुटलेली. सायकली थांबल्या, डबे हलवत माणसं जमली. सगळी माझ्या ओळखीची!

माझ्याच खात्यातला एक जण म्हणाला, "काय रे, एक चाक नाशिकला आणि दुसरं धुळ्याला पाठवतोस का?"

दुसऱ्याला खरीच काळजी पडली. "तू विमानंपण अशीच तपासतोस?"

मी मान खाली घालून जुनं चाक उतरवलं, स्टेपनी लावली. म्हटलं, आता निदान थोडं तरी जुळवू. खडूची रेघ मारली आणि या वेळी खाली न शिरता बाजूला उभं राहून म्हणालो, "मामा, पटकन मागचं माप घ्या."

मामा आणि मामी टेप घेऊन निघाले. माझ्यासमोरून गेले. पुढच्या चाकांपासून पुढे... म्हणजे मागे... सरळ जीपच्या पाठीमागे गेले आणि मागच्या दोन चाकांना, या टोकाच्या बाहेरच्या कडेपासून त्या टोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत, टेप लावून वाकले!

मी धावतच त्यांच्यामागे गेलो.

"मामा, हे... सकाळपासून हेच मोजत होतात?"

"मंग? तुमीच म्हनले ना मागचं?"

"अहो, पुढच्याच चाकांचं, मागच्या बाजूनं!"

मामांनी माझ्याकडे बघितलं. "मंग तसं सांगायचं व्हतं, जावईबापू. आमी काय विमानं तपासतो व्हय?"

पाळीवरचे लोक हसून हसून सायकलींवर आडवे झाले. जाम झालेला रॉड उलटा फिरवत बसायला आता वेळ नव्हता, म्हणून जीप तिथंच रस्त्याकडेला सोडली. नाशिकला निघालेला एक कांद्याचा टेम्पो थांबवला आणि आम्ही नव्या साड्यांसकट कांद्याच्या गोणींवर बसून पंचवटीत पोचलो. चौघांच्याही डोळ्यांत पाणी. तिघांचं कांद्याचं.

मुलाच्या घरी मंडळी दारातच उभी. मुलाचे वडील कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "केवढा उशीर! आम्ही तर आता बैठक मोडणारच होतो."

मला वाटलं, मामा काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. जावयाची अब्रू म्हणजे सासऱ्याची अब्रू, नाही का? पण मामांनी बैठकीत मांडी घातली आणि पहिल्या रेघेपासून शेवटच्या फाट्कनपर्यंत सगळं सांगितलं. मागचं माप कसं घेतलं ते उठून, वाकून करून दाखवलं. मी सतरंजीचे दोरे मोजत बसलो.

मंडळी खोखो हसायला लागली. आठ्या गेल्या. पण मुलाचे वडील एकदम गंभीर झाले. घसा खाकरून मामांना म्हणाले, "पाटील, तुमचे मोठे जावई एवढे यंत्रातले, म्हणून आधीच सांगून टाकतो. नंतर फसवलं म्हणू नका. आमचा मुलगा पोस्टात कारकून आहे. अक्षर सुंदर, स्वभाव गरीब. पण यंत्रातलं त्याला काडीचं कळत नाही. सायकलची चेन उतरली तर सायकल ढकलत घरी आणतो, पण हात लावत नाही."

मामा ताडकन उठले. व्याह्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

"आता बोलायचं काय ऱ्हायलंच नाय. पोरगी दिली!"