पाळीचं दुखणं, चिनी सुया आणि राहून गेलेली तपासणी

"एंडोमेट्रिओसिस आहे," डॉक्टर मॅडम सोनोग्राफीचा रिपोर्ट बघत म्हणाल्या. "एवढं दुखत होतं, तर आधी का नाही आलात?"

मला टेबलावर हात आपटावासा वाटला. आले नव्हते? शाळेत असल्यापासून दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवत होते. गावाकडचे डॉक्टर म्हणाले, लग्न झालं की थांबेल. लग्न होऊन चऱ्होलीला आले, तर इथले म्हणाले, मूल झालं की थांबेल. प्रत्येकाने दुखणं थांबवायची गोळी दिली. पोट तपासायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

चाकणच्या कंपनीत मी गाड्यांच्या वायरी जोडते. सगळं काम उभ्याने. पाळीच्या दिवसांत कंबरेतून कळ निघायची ती थेट मांडीत उतरायची. एकदा लाईनवरच खाली बसले, तर सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, दर महिन्याला हेच का?" जणू मी हौसेने बसले होते.

शेवटी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून पिंपळे सौदागरला ॲक्युपंक्चरला गेले. ही जुनी चिनी उपचारपद्धत. केसासारख्या बारीक सुया घोट्याच्या वर, पोटावर, हातावर टोचतात आणि तशाच थोडा वेळ ठेवतात. मग मॉक्सा, म्हणजे वाळवलेल्या पाल्याची कांडी पेटवून बेंबीखाली लांबून शेक देतात. तिच्या धुराचा वास ओढणीला चिकटून राहायचा. घरी नवरा, संतोष, विचारायचा, "हवन करून आलीस का?"

पण मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पहिल्या दोन पाळ्या मी गोळीशिवाय काढल्या. सगळ्यांना सांगत सुटले. तिसऱ्या वेळी मात्र इतकं दुखलं की बाथरूममध्ये उलट्या करत पडले.

तशीच रडत परत गेले. म्हटलं, "मॅडम, सुया वाढवा."

सुया लावणाऱ्या मॅडमनी त्या दिवशी सुयांचं पाकीट उघडलंच नाही. "सोनोग्राफी कधी केली होती?"

"कधीच नाही."

"मी पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं. माझं चुकलं. आता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय मी सुई लावणार नाही."

मी त्यांच्यावर चिडले. इथेही दार बंद, असं वाटलं. पण गेले, आणि रिपोर्टमध्ये हे निघालं.

गर्भाशयाच्या आत असतं तसं अस्तर बाहेरही वाढतं, त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. पाळीत तिथेही रक्त येतं, पण बाहेर पडायला वाट नसते. माझ्या डाव्या अंडाशयावर त्याची गाठ झाली होती. तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात, कारण साठलेलं जुनं रक्त त्या रंगाचं दिसतं. हे नाव ऐकल्यापासून मला चॉकलेटचा कागदही नकोसा होतो.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. गाठ काढली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, "हा आजार परत येऊ शकतो. गोळ्या चालू ठेवाव्या लागतील." म्हणजे इतकं सोसून कायमची सुटका नाहीच. दुखणं निम्म्यावर आलंय. डॉक्टरांना विचारून सुयाही लावते, कारण त्याने मला आराम पडतो. पण आता मला माहीत आहे, मी आराम कशापासून मागते आहे.

तुमच्या घरात कुणी दर महिन्याला अशी गडबडा लोळत असेल, तर कुठलाही उपचार करा, पण आधी तपासणी मागा. "बायकांचं असतंच" हे ऐकून उठू नका.

ऑपरेशननंतर लातूरहून आई आली होती. तिला रिपोर्ट समजावून सांगितला. मला वाटलं, आता म्हणेल, आम्हीपण सोसलं. ती बराच वेळ माझे पाय चेपत राहिली.

"मला बी असंच व्हायचं, माय," ती म्हणाली. "गोठ्यात जाऊन पडायची मी. कुणी इचारलंच न्हाई."

"तू मला कधी बोलली नाहीस, आई."

"तू तरी कुठं इचारलंस?"

मी उठून बसले आणि तिचे पाय मांडीवर ओढून घेतले. म्हटलं, "आता सांग."